स्पीकरच्या वायरीबद्दल खरं काय ते

पिंप्राळ्यातल्या आमच्या ओळखीच्या चार घरांत स्पीकरला निळी, बोटाएवढी जाड, पाण्याच्या नळीसारखी दिसणारी केबल लावलेली आहे. चारही घरांनी ती माझ्या सांगण्यावरून घेतली. मी विज्ञानाचा मास्तर. अठ्ठावीस वर्षं शिंदखेड्याला शिकवलं, त्यामुळे तांब्यापितळेबद्दल मी काही बोललो की लोक मान डोलावतात. त्या केबलीनं आवाजात काही फरक पडत नाही. निदान माझ्या घरात पडलेला नाही, आणि हे मला सात वर्षांपासून माहीत आहे.

नुसत्या केबलीची गोष्ट असती तर मी ती पोटात ठेवून मेलो असतो. माणसं याहून वाईट वस्तू विकत घेतात आणि सुखात राहतात. पण त्या केबलीची थोरवी सांगताना मी एका माणसाच्या कामाला भर पंगतीत नावं ठेवली, आणि त्यापायी धुळ्यातल्या दोन म्हाताऱ्यांची वीस वर्षांची मैत्री तुटली. ते लिहून ठेवायला हवं.

त्या दोघांपैकी एक आमचे आबा. शिंदखेड्याच्या शाळेत ते हेडक्लार्क होते, माझ्याहून सतरा-अठरा वर्षांनी मोठे. निवृत्तीनंतर ते धुळ्याला आपल्या घरी गेले. मी निवृत्त झालो तेव्हा जळगावला पिंप्राळ्यात लहानसं घर बांधलं आणि ठरवलं की आता उरलेलं आयुष्य चांगल्या आवाजात गाणं ऐकायचं. सगळी नोकरी एका टेपरेकॉर्डरवर काढली होती. तो कॅसेटी वाजवायचा कमी आणि खायचा जास्त.

आबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "सर, कंपनीचं काही आणू नका. माझा माणूस आहे."

आबांचा माणूस म्हणजे धुळ्यातले एक मिस्तरी. पाण्याच्या मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळणं हा त्यांचा पिढीजात धंदा. फावल्या वेळात ते भजनी मंडळांसाठी आणि मशिदीसाठी अँप्लिफायर बनवायचे. आबा रोज संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या दुकानात जाऊन एका लाकडी स्टुलावर बसत. मिस्तरी तार गुंडाळत, आबा पेपर मोठ्यानं वाचत, दोघं मिळून सगळ्या जगाला नावं ठेवत. दिवेलागणीला आबा घरी. असं वीस वर्षं चाललेलं. आबांच्या सूनबाई सांगायच्या, घरात आबा चार वाक्यं बोलतात, उरलेली मिस्तरींसाठी राखून ठेवतात.

तर मिस्तरींनी माझ्यासाठी अँप्लिफायर बनवला, प्लायवूडच्या दोन पेट्या केल्या, आणि ते सगळं एसटीच्या टपावर चढवून आबांसकट जळगावला आले. वायर त्यांनीच आणली होती. साधी, दोन तारांची, वरून पारदर्शक. दोन्ही तारा दिसायला अगदी सारख्या. म्हणून त्यांनी दोन्हीतल्या एकीला, दोन्ही टोकांना, काळा दोरा बांधला. गुंडाळणीच्या कामात ही त्यांची पद्धतच होती. कुठली तार कुठून निघाली ते दोऱ्यावरून ओळखायचं.

"सर, दोरावाली तार लाल खुंटीला," ते म्हणाले. "अँप्लिफायरकडंही आणि स्पीकरकडंही. एवढं सांभाळा, बाकी काही बघायचं काम नाही."

मी मान हलवली. आपलाच विषय आपल्याला कोणी शिकवू लागलं की माणूस जशी हलवतो तशी.

दोन वर्षं आवाज उत्तम होता. गाणारा समोरच्या भिंतीतून, बरोबर मधोमध, उभा राहून गायचा. तबल्याचा बाया, म्हणजे डग्गा, पोटात जाणवायचा. मग दिवाळीआधी घराला रंग काढला, तेव्हा मी सगळं सोडवून पलंगावर ठेवलं. रंग वाळल्यावर जोडायला बसलो, तर ते काळे दोरे दिसले. धुळीनं राखाडी झालेले, सुटलेले. मागे एकदा शेजारच्या वहिनींनी विचारलं होतं, की दृष्ट लागू नये म्हणून बांधलेत का हो. विज्ञानाच्या मास्तराच्या घरात दृष्टीचा दोरा! मला ते तेव्हाच झोंबलं होतं. नवा रंग, स्वच्छ भिंत, त्यात ही चिंधी कशाला, म्हणून मी ब्लेड घेतलं आणि चारही दोरे कापून टाकले.

मग जोडलं. तार दोन, खुंट्या दोन. इकडची तिकडे गेली तर काय होणार आहे? मी स्वतःला दाखलाही दिला, की पंख्याच्या दोन वायरी बदलल्या तर पंखा काय उलटा फिरतो?

आता इथे मला एक सांगितलं पाहिजे. अठ्ठावीस वर्षं, दरवर्षी, सातवीच्या वर्गात मी दोन सेल घ्यायचो. एकापुढे एक सरळ लावले की बल्ब लागायचा. मग दोघांची तोंडं समोरासमोर लावायचो, बल्ब विझायचा. मुलांना विचारायचो, का विझला? कुणी म्हणायचं सेल संपले. त्याला मी बाकावर उभं करायचो. मी ज्या वर्गात शिकवत होतो, त्या वर्गात मला प्रवेश दिला नसता, असं आता वाटतं.

आवाज बदलला. गाणारा भिंतीतून निघून गेला. म्हणजे तो गात होता, पण कुठून गातोय ते कळेना. कधी छतातून, कधी माझ्याच डोक्यामागून. तबला टिचक्या मारल्यासारखा. गळा होता, पोट नव्हतं. ज्यांनी स्पीकर जोडलेत ते हे वाचताना हसतील, कारण एक स्पीकर सरळ आणि दुसरा उलटा जोडला की हेच होतं. एक हवा पुढे ढकलतो, तेव्हाच दुसरा मागे ओढतो, आणि दोघांमध्ये खालचा आवाज मरतो. समोरासमोर तोंडं केलेले सेल. पण मला ते सुचलं नाही. मला सुचलं ते हे, की वायर आतून गंजली.

मी मिस्तरींना फोन केला. आवाज पातळ झालाय म्हणालो. त्यांनी एका क्षणात विचारलं, "दोरा बघितला का सर? दोऱ्याला दोरा लागलाय ना?"

दोरे तेव्हा कचऱ्यात होते. मी म्हणालो, "हो, बघितलं."

या सगळ्या प्रकरणात पुढे मी बरंच काही बोललो, पण खोटं असं हे पहिलं. ते मी एवढ्या सहज बोललो की माझ्या मनात त्याची नोंदही झाली नाही. दोरे कापले, हे सांगायला लाज वाटली होती, एवढंच.

मग मोबाईल. मोबाईलवर स्पीकरच्या वायरीबद्दल एवढं लिहिलेलं आहे की सातवीचं पुस्तक त्यापुढे चिठ्ठी वाटेल. शुद्ध तांबं, आणखी शुद्ध तांबं, चांदी चढवलेलं तांबं. एकानं लिहिलं होतं, केबल बदलल्यावर स्वयंपाकघरातून बायको विचारत आली, की नवीन मशीन आणलं का. मला तो पुरावा पटला. मी निळी केबल मागवली. किंमत बायकोला सांगितली नाही, इथेही सांगत नाही.

केबल आली. तिच्या एका तारेला कारखान्यातूनच लाल पट्टी होती. आंधळ्यालाही चुकता आलं नसतं. मी जोडली, सुरू केली, आणि गाणारा परत भिंतीत येऊन उभा राहिला.

मी बायकोला हाक मारली. ती पीठ लागलेल्या हातांनी दारात आली.

"काय फरक वाटतो?"

"दिवाळीआधी होता तसा वाटतो," ती म्हणाली आणि गेली.

तिचं हे वाक्य पुरेसं होतं. त्यात सगळं उत्तर होतं. पण मला शास्त्रीय मत हवं होतं, बायकोचं नाही.

थंडीत आमच्याकडे भरताची पंगत असते. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, अंगणात ताटं मांडायची. त्या वर्षी मी जाणूनबुजून सगळ्यांना बोलावलं, चारही घरांतल्या मंडळींना आणि धुळ्याहून आबांना. वांगी भाजून होईपर्यंत मी सगळ्यांना आत बसवून गाणं ऐकवलं. सगळे वाहवा म्हणाले. वाहवा म्हटलं की माणूस थांबत नाही. पुऱ्या वाढल्या जात असताना मी आतून जुनी वायर आणली, तिचं काळं पडलेलं टोक सगळ्यांच्या ताटांवरून फिरवलं आणि म्हणालो,

"आबा, तुमच्या माणसानं भंगारातली वायर लावली होती."

उघड्यावर राहिलेलं तांबं काळं पडतंच. आमच्या घरातला बंबसुद्धा पडतो. पण मी सांगतोय म्हटल्यावर त्या काळ्या टोकाकडे सगळे असे बघू लागले, जसं डॉक्टर एक्स-रे दाखवतो तेव्हा बघतात.

आबा म्हणाले, "असं का." त्यांनी हातातली पुरी ताटात ठेवली. नंतर भरीत फार तिखट झालंय म्हणाले. धुळ्याच्या माणसाला भरीत तिखट लागलं, यावरून तरी मी समजायला हवं होतं. मी केबलचं नाव कागदावर लिहून चौघांना वाटत होतो.

खरी गोष्ट मला अडीच-तीन महिन्यांनी कळली. बायकोनं स्पीकरमागची कोळ्याची जाळी काढायला लावली. मी एका बाजूची केबल सोडवली, पुसलं, परत लावली, आणि दुपारचं गाणं सुरू केलं. गाणारा गेला. छतात. पोट गेलं. त्याच निळ्या, शुद्ध, आणखी शुद्ध केबलीतून. मी मागे जाऊन बघितलं, तर लाल पट्टी काळ्या खुंटीला. बदलली. गाणारा परत आला. पुन्हा उलटी केली, गेला. मी हे सहा-सात वेळा केलं असेल. मग गच्चीवर गेलो. मिस्तरींच्या वायरीवर बायको कपडे वाळत घालत होती. तिचे परकर बाजूला सारून मी ती सोडून आणली, टोकं साफ केली, या वेळी डोकं वापरून जोडली.

गाणारा बरोबर मधोमध उभा होता. बाया पोटात जाणवत होता. कुठेही, काहीही कमी नव्हतं.

बायको रिकाम्या हातानं दारात उभी होती. "म्हणजे ती वायर चांगली होती?"

"हो."

"मग आबांना फोन लावा."

मी लावतो म्हणालो. आणि ती निळी केबल परत जोडली, कारण रविवारी चौघांपैकी एकजण ऐकायला येणार होता.

फोन मी लावलाही. एकदा नाही, पुष्कळदा. तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं, धुळ्यात उकाडा किती आहे ते विचारलं. मिस्तरी कसे आहेत, हे मात्र विचारलं नाही. आबाही त्यांचं नाव काढत नव्हते. ते मी नीटच लक्षात घेतलं होतं, आणि लक्षात घेऊन बाजूला ठेवलं होतं. मग आबांना ऐकू येईनासं झालं आणि फोन बंदच झाला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला काही सांगायचं राहून गेलं तर ती काही आपली चूक नाही, असं मी ठरवून टाकलं.

अशी सात वर्षं.

यंदा जळगावात एका लग्नात आबांच्या सूनबाई भेटल्या. आबा का नाही आले, म्हणालो. त्या म्हणाल्या, "ते कुठंच जात नाहीत हो सर आता. पूर्वी मिस्तरींच्या दुकानात बसायचे, तर जीव रमायचा. तुमच्याकडच्या त्या भरतानंतर जे जाणं बंद केलं, ते केलं. धुळ्याला आल्या आल्या दुकानात गेले आणि भांडून आले. आता संध्याकाळी पाच वाजले की आवरून बसतात, आणि खुर्चीतच बसून राहतात."

माझ्या हातात मठ्ठ्याचा ग्लास होता. तो मी कुठे ठेवला आठवत नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "सोमवारी पहिल्या गाडीनं जा. आणि फोन लावतो म्हणू नका."

सोमवारी गेलो, पहिली गाडी टाळून बाराच्या गाडीनं. पण आधी आबांकडे जायचा धीर झाला नाही, म्हणून मिस्तरींच्या दुकानात गेलो. मनात हिशेब असा, की त्यांची माफी मागितली की अर्धं ओझं उतरेल आणि अर्ध्या ओझ्यानिशी परत जाता येईल.

मिस्तरी म्हातारे झाले होते. भिंग लावून एका लहानशा मोटारीत तार घालत होते. दुकानात वार्निशचा वास. मला ओळखलं, बसा म्हणाले. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दोरे कापल्याचं, फोनवर खोटं बोलल्याचं, काळ्या टोकाचं, परकरांच्या दोरीचं. मधे त्यांनी एकदाही हात थांबवला नाही.

"मला माहीत होतं सर," ते म्हणाले. "तुम्ही फोनवर आवाज पातळ झाला म्हणाले ना, तेव्हाच समजलं. उलटं लागल्याबिगर आवाज पातळ होत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो ना. आबांना बोललो. आबा, सरांनी तार उलटी लावली असंल, जाऊन बघा. आबा म्हणाले, तो सायन्सचा मास्तर आहे, तो उलटी लावेल का? तू लावली असशील भंगार." त्यांनी भिंग काढून ठेवलं. "त्याच्यावर मी काय बोलणार? तुमच्याकडं सर्टिफिकेट. माझ्याकडं दोरा."

मी पुन्हा माफी मागू लागलो. त्यांनी हात आडवा केला.

"मला सांगून काय फायदा? ज्याला माहीत नाही त्याला सांगा."

रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगावा तसे बोलले.

आबांच्या घरी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. आबा ओसरीवर खुर्चीत होते, स्वच्छ धोतर, केस विंचरलेले. मला बघून आनंदले. मी खुर्ची जवळ ओढली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात, जशा गोष्टी सांगतात तशी, सुरुवात केली.

"मोठ्यानं बोला," आबा म्हणाले.

आयुष्यातली सगळ्यात मोठी कबुली. सात वर्षं मनात घोळवलेली, शब्द निवडलेले. ती मला वर्गातल्या आवाजात द्यावी लागली. "आबा, तार मीच उलटी लावली होती!" समोरच्या घरातली बाई धान्य निवडायची थांबली. "मिस्तरींची वायर चांगली होती!" गल्लीतून जाणाऱ्या एकानं सायकलवरून पाय खाली टेकवला. आबांना अर्धं कळलं, अर्धं नाही. सूनबाई बाहेर आल्या आणि त्यांनीही त्यांच्या कानाशी जाऊन तेच सांगितलं, माझ्यापेक्षा मोठ्यानं आणि जास्त स्पष्ट: "सर म्हणताय, चूक सरांची होती! सर खोटं बोलले!" मी मान हलवत होतो. तेवढंच काम उरलं होतं.

आबांनी विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

हा प्रश्न येऊ नये अशी माझी फार इच्छा होती. मी सात बोटं दाखवली. ते महिने समजले असावेत. सूनबाईंनी कानात सांगितलं, "वर्षं."

आबांनी फक्त टोपी आणायला सांगितली.

रिक्षात आम्ही शेजारीशेजारी बसलो होतो. त्यांचा हात धरायला गेलो तर त्यांनी तो काठीवर ठेवला. दुकानासमोर उतरताना मात्र त्यांना माझा खांदा लागला, तेवढाच.

मिस्तरींनी वर बघितलं. पाच वाजून गेले होते. ते उठले नाहीत. पायानं एक स्टूल पुढे सरकवलं, वरची तारेची भेंडोळी उचलून खाली ठेवली आणि अहिराणीत म्हणाले, "आबा, इतला दिन कथा व्हतात?"

आबांना ऐकू गेलं नाही. मिस्तरी मला म्हणाले, "काय झालं यांना?" मी कानाकडे बोट दाखवलं. मिस्तरींचा चेहरा तेव्हा जसा झाला, तसा तो माझी सगळी कहाणी ऐकतानाही झाला नव्हता. ते उठले, आबांच्या कानाशी वाकले आणि तेच पुन्हा ओरडून विचारलं, की इतके दिवस कुठे होतात.

"आठेच व्हतू," इथेच होतो, आबा म्हणाले. "घर."

आबा स्टुलावर बसले. माफीची गोष्ट दोघांपैकी कोणी काढली नाही. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. तिथे तिसरं बसायला काही नव्हतं, आणि असतं तरी मला कोणी बस म्हणालं नसतं. थोड्या वेळानं आबांनी माझ्याकडे बघितलं.

"सर, तुम्ही निघा," ते म्हणाले. "जळगावची गाडी चुकेल."

साडेपाचही झाले नव्हते. जळगावच्या गाड्या रात्रीपर्यंत असतात, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत. मी हो म्हणालो, नमस्कार केला आणि निघालो. मागून मिस्तरींचा आवाज येत होता. कोण वारलं, कोणाचं दुकान गेलं, कोणाची मुलगी कुठे दिली, असं सात वर्षांचं साचलेलं ते एकेक करून सांगत होते. एका माणसाला ऐकू यावं म्हणून सबंध गल्लीला ऐकवत होते, प्रत्येक वाक्य दोनदा. कोपऱ्यावर वळून रिक्षा मिळेपर्यंत ते मला ऐकू येत होतं.